विटांच्या पुडीवर धरण उभं करणारे विश्वेश्वरय्या, आणि माहुलच्या राखेचा प्रश्न

चेंबूरहून माहुलकडे निघालं की रिफायनऱ्यांसोबत ट्रॉम्बेच्या वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसतात. तिथे कोळसा जळतो आणि मागे राख उरते. अशा केंद्रांमधली बारीक राख, म्हणजे फ्लाय ॲश, सिमेंटमध्ये मिसळतात. मुंबईत पाडलेल्या इमारतींचा डेब्रिजही चुरून पुन्हा बांधकामात वापरता येतो.

हे ऐकल्यावर पहिली शंका येते ती अशी की कचरा घातलेलं काँक्रीट टिकणार का? आणि ते किती टिकेल हे आधी सांगता येतं का?

या शंकेला एक जुनं उत्तर आहे, आणि त्यासाठी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची गोष्ट माहीत पाहिजे.

पुण्यात घडलेला इंजिनिअर

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ चा, म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी गावचा. वडील लवकर गेले. शिकवण्या घेत त्यांनी बंगळूरला बी.ए. केलं, मग संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सला आले. हेच पुढे सीओईपी झालं. १८८३ मध्ये ते इंजिनिअरिंगच्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले आणि पुढच्याच वर्षी सरकारी बांधकाम खात्यात लागले.

सुरुवातीची नोकरी नाशिक, धुळे आणि पुणे भागात झाली. खडकवासल्याला पूर आला की धरणावरून पाणी वाया जायचं. त्यांनी तिथे पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडणारी आणि मिटणारी दारं बसवली. १९०३ ची ही गोष्ट. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली आणि १९०९ मध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले.

सिमेंट नाही, मग काय?

१९११ मध्ये कावेरीवर कृष्णराजसागर धरणाचं काम सुरू झालं. तेव्हा भारतात सिमेंट फारसं बनतच नव्हतं. पोरबंदरचा कारखानासुद्धा १९१४ मध्ये सुरू झाला. परदेशातून आणायचं तर खर्च अफाट.

मग चुना आणि सुरखी वापरून दगडी बांधकाम झालं. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची बारीक पूड. तुटक्याफुटक्या विटा कुटूनही ती करता येते. या पुडीतली सिलिका चुन्याशी आणि पाण्याशी हळूहळू जुळते आणि घट्ट होत जाते. फ्लाय ॲशही सिमेंटमधल्या चुन्याशी नेमकं हेच करते.

यात आणखी एक अडचण होती. मद्रास सरकारने आधी फक्त ८० फूट उंचीच्या धरणाला परवानगी दिली. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र १२४ फुटांच्या हिशोबाने घातला. पुढे किती भार येणार याचा अंदाज आज बांधायचा आणि पाया त्याला पुरेल असा ठेवायचा, असा त्यांचा विचार होता. १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. धरण पूर्ण व्हायला १९३१ उजाडलं. हजारो मजुरांच्या कष्टाने उभं राहिलेलं हे धरण आजही पाणी अडवून आहे.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. शंभरी पार करून १९६२ मध्ये ते गेले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपण अभियंता दिन म्हणून पाळतो.

मग अंदाज कसा बांधतात?

कृष्णराजसागरचं काम चालू होतं तेव्हाच, १९१८ मध्ये, अमेरिकेत डफ अब्राम्स यांनी हजारो चाचण्या करून एक नियम मांडला. काँक्रीट नीट दाबून भरलेलं असेल, तर सिमेंटच्या मानाने पाणी जितकं जास्त, तितकी ताकद कमी.

टाकाऊ माल आला की हा हिशोब अवघड होतो. जुन्या काँक्रीटच्या खडीला चिकटलेला मसाला पाणी शोषतो. राखेचं काँक्रीट सुरुवातीला मागे राहतं आणि नंतर ताकद धरतं. म्हणून आता संगणकाला जुन्या चाचण्यांचे आकडे शिकवतात. १९९८ मध्ये तैवानच्या आय-चेंग ये यांनी सिमेंट, पाणी, राख, भट्टीची मळी, खडी आणि किती दिवस झाले हे सगळं देऊन ताकदीचा अंदाज काढून दाखवला.

पण संगणकाचा अंदाज तेवढाच खरा, जेवढे त्याला दिलेले आकडे खरे. इथली राख आणि इथला डेब्रिज तपासलाच नसेल, तर तैवानचे आकडे माहुलला पुरणार नाहीत. म्हणूनच आपल्याकडे १५ सेंटीमीटरचे ठोकळे भरून २८ दिवसांनी फोडून बघतात. भारतीय मानकानुसार सळईच्या काँक्रीटमध्ये जुन्या काँक्रीटची खडी २० टक्क्यांपर्यंतच चालते, तीही एम-२५ दर्जापर्यंत.

त्यामुळे तुमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, तर राख वापरली म्हणून घाबरू नका. ठोकळ्यांच्या चाचणीचे रिपोर्ट मात्र मागा. विटांची पूड शंभर वर्षं धरण तोलू शकते, पण कुणीतरी आधी नीट हिशोब केलेला असावा लागतो.