रमाबाईंच्या बांगड्या

रमाबाई आंबेडकरांचा जन्म १८९८ चा, दापोलीजवळच्या वणंद गावचा. आईबाप लहानपणीच वारले; नातेवाइकांनी मुंबईस नेले. १९०६ मध्ये लग्न झाले.

शाळा कायद्याने खुली असली, तरी परगावच्या अस्पृश्य मुलाला शहरात खोली कोण देणार? छप्पर नाही, म्हणजे शाळाही नाही. म्हणून बाबासाहेबांच्या संस्थेने आपल्या धारवाडात वसतिगृह काढले. बळवंतराव वराळे ते पाहत. रमाबाई त्यांच्याकडे राहावयास आल्या असतानाची आठवण सांगतात : सरकारी अनुदान लांबले, धान्य संपले, मुले उपाशी राहिली. रमाबाईंनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या. त्या गहाण पडल्या, तेव्हा चूल पेटली. ही रक्कम जमाखर्चात कोणत्या खाती मांडावी, हे आम्हा वाणिज्यवाल्यांनाही सुचणार नाही.

२७ मे १९३५ रोजी त्या वारल्या.