कोल्हापूरच्या मातीत वाढलेले न्यायमूर्ती रानडे

वारकरी मायबापहो, आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून हा अंक निघतोय. अंकात एका थोर माणसाचं चरित्र असावं असं बैठकीत ठरलं आणि ते काम माझ्याकडं आलं. सगळ्यांना वाटलं हा एखाद्या संताचं लिहील. मी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचं नाव घेतलं तवा जरा गडबड झाली. कुणी म्हणालं ते इंग्रज सरकारचे जज्ज, कुणी म्हणालं ते सुधारक, प्रार्थना समाजाचे, मूर्तिपूजा न करणारे, माळकरी नव्हेत, त्यांचा आपल्या दिंडीशी काय संबंध? विचारणं बरोबर होतं. त्याचं उत्तर म्हणूनच हे लिहितोय. मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. एका निवृत्त गुरुजींनी रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांनी लिहिलेलं आठवणींचं पुस्तक मला वाचायला दिलं, तिथून हा नाद लागला. कुठं शब्द चुकला तर लेकराचा म्हणून पोटात घाला.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यात निफाडला झाला. वडील गोविंदराव, आई गोपिकाबाई. वडिलांना पुढं कोल्हापूर दरबारात नोकरी लागली आणि बिऱ्हाड आपल्या मुलखात आलं. त्या प्रवासाची एक गोष्ट सांगतात. रात्रीची वेळ, बैलगाडी चाललेली, गाडीत बायामाणसं पेंगलेली. एका धक्क्याला दोन-अडीच वर्षांचं हे पोरगं गाडीतून खाली पडलं आणि गाडी तशीच पुढं गेली. अंधारात पोर एकटंच रस्त्यावर. मागनं घोड्यावरून चुलता येत होता. टापांचा आवाज आला तसं पोरानं काकाला हाक मारली आणि काकानं उतरून त्याला उचलून घेतलं. आता गंमत बगा, त्या काकाचं नाव विठ्ठल, घरात म्हणायचे विठूकाका. म्हंजे अंधारात पडल्यावर या लेकराच्या तोंडून निघालेली हाक विठूचीच होती. मी कीर्तनात ही गोष्ट सांगतो तवा म्हाताऱ्या बाया डोळ्याला पदर लावतात.

बालपण सगळं कोल्हापुरात गेलं. तिथंच मराठी शाळा, तिथंच इंग्रजी शाळा. पोरगं अबोल, जरा मंदच वाटायचं. एकदा खेळायला कुणी नव्हतं तर खांबाला गडी करून सोंगट्या खेळत बसलं. एका हातानं आपलं दान टाकायचं, दुसऱ्या हातानं खांबाचं. खांब जिंकला आणि पोरानं हार कबूल केली. बघणारे हसले. पण विचार करा, खांबाचं दान खोटं टाकलं असतं तर कोण विचारणार होतं? खांबाला तोंड नाही. तोंड नसलेल्याचं दान खरं टाकायचं, हाच पुढं त्यांचा जन्माचा धंदा झाला. आईनं बर्फीचे दोन तुकडे दिले, एक मोठा, एक लहान, आणि एक गड्याच्या पोराला द्यायला सांगितलं, तर यानं मोठा त्याला दिला आणि लहान आपण खाल्ला, असंही सांगतात.

चौदाव्या वर्षी ते मुंबईला शिकायला गेले. मुंबई विद्यापीठ तवा नवंच निघालेलं. १८६२ साली त्याचे जे पहिले चार पदवीधर झाले त्यात रानडे एक. पुढं एम.ए. झाले, कायद्याची परीक्षा दिली. वाचून वाचून डोळे बिघडले, ते दुखणं जन्मभर राहिलं, पुष्कळदा दुसऱ्याकडनं वाचून घ्यावं लागायचं.

कायदा शिकल्यावर काही काळ ते कोल्हापूर संस्थानात न्यायाधीश होते. वय पंचविशीच्या आसपास. वडील तिथंच दरबारात मोठ्या जागेवर. त्या वेळची एक गोष्ट चरित्रात आहे, ती मला सगळ्यांत मोठी वाटते. ज्याचा दावा मुलाच्या कोर्टात होता असा एक माणूस ओळखीनं वडिलांकडं आला. वडिलांनी मुलाला बोलावून याचं जरा ऐकून घे म्हणून सांगितलं. मुलानं माणसापुढं वडिलांचा मान मोडला नाही. नंतर एकांतात, मान खाली घालून, पण स्पष्ट सांगितलं की मी इथं न्यायाला बसलोय, घरी कुणाचं ऐकणं मला जमायचं नाही, आणि असं होणार असेल तर मला इथनं बदली मागून जावं लागेल. वडिलांनीही राग धरला नाही. पुन्हा कुणाचा दावा घरात आला नाही.

मायबापहो, ही गोष्ट वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण सांगतो, लपवून काय करायचं? माझा आणि माझ्या चुलतभावाचा बांधावरनं नऊ वर्षं दावा चालला होता. दोघं याच दिंडीत, एकाच पताकेखाली, पण एकमेकांशी बोलत नव्हतो. मी कीर्तनात समता सांगायचो आणि सकाळी तारखेला जायचो. आणि मोजणीच्या वेळी मी ओळख लावली होती. पैसा दिला नव्हता, पण शब्द टाकला होता. पंचविशीच्या पोरानं बापाला जे नाकारलं ते मी साठीत माळ घालून केलं होतं. पुढचं शेवटी सांगतो.

१८७१ साली रानडे पुण्याला न्यायाधीश झाले. तिथं ते सार्वजनिक सभेच्या कामात पडले. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात सभेनं रयतेचे हाल सरकारपुढं मांडले, त्यात त्यांचा हात होता. सरकारची नोकरी आणि सरकारलाच सांगायचं की तुमचं चुकतंय, हे सोपं नव्हतं. सरकारला संशय आला. त्यांची बदली नाशिकला, मग धुळ्याला झाली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस. धुळ्याला त्यांची पत्रं फोडून बघत होते. त्यांनी नोकरी सोडली नाही आणि मतही सोडलं नाही.

आता शेतकऱ्याच्या कामाचं. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. कारण काय? शंभर रुपये घ्यायचे, अंगठा उठवायचा, आणि त्याचे चारशे कधी झाले ते कळायचं नाही. कोर्टात गेलं तर कोर्ट कागद बघायचं, कागद सावकाराचा. त्या दंग्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. त्यात न्यायाधीशानं नुसता रोखा न बघता कर्ज मुळात किती, व्याज किती, दिलं किती, हे पहिल्यापासून तपासायचं होतं. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. पैसे दिले की पावती मिळायला हवी असं ठरलं. आणि दावा लावण्याआधी सलोखा करणाऱ्या माणसापुढं जायचं, तिथं नाही मिटलं तरच कोर्ट.

हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. आपला भाग संस्थानात, बावड्याला पंत अमात्यांची जहागीर, त्यामुळं इथं तो नव्हता. त्या चार जिल्ह्यांतली कोर्टं हा कायदा नीट चालवतात का हे गावोगाव फिरून तपासायचं काम रानड्यांकडं आलं. १८८१ पासून मदतनीस म्हणून आणि १८८७ पासून मुख्य म्हणून. दुखऱ्या डोळ्यांनी ते तालुक्या-तालुक्याला जाऊन दप्तर तपासत. खांबाचं दान खरं टाकायचा तो पोरपणीचा खेळ इथं कामाला आला असं मला वाटतं. १८९३ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि शेवटपर्यंत त्या जागेवर राहिले.

थोर माणसाचं नुसतं गोड लिहिलं तर ते खरं होत नाही. विधवांचे विवाह व्हावेत म्हणून रानडे पुढं होऊन बोलले. पण १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली, तवा वडिलांच्या आग्रहापुढं ते वाकले आणि अकरा वर्षांच्या कुमारी मुलीशी त्यांनी लग्न केलं. ते एकतिशी ओलांडलेले. बोलणारा एक सांगतो आणि करतो एक, असं लोक म्हणाले आणि ते खोटं नव्हतं. तीच मुलगी म्हंजे रमाबाई, देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची लेक. रानड्यांनी तिला अक्षर ओळखीपासून शिकवलं. घरातल्या बायकांनी तिला त्यापायी फार छळलं, पण शिकवणं थांबलं नाही. त्यांच्या माघारी याच रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि किती बायकांना पायावर उभं केलं. चूक पुसता येत नाही, पण चुकीच्या पोटी जे आलं त्याचं सोनं करता येतं.

दुसरी गोष्ट चहाची. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला बरीच मोठी मंडळी गेली. तिथं चहा ठेवला. रानडे होते, टिळकही होते. मिशनऱ्यांच्या घरचा चहा घेतला म्हणून गावात गदारोळ झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. बरोबरच्या माणसांच्या घरची कार्यं अडू लागली, तवा त्यांच्यासाठी म्हणून रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सुधारक मंडळी त्यांच्यावर रागावली. बरोबर की चूक ते मी सांगणारा कोण? पण वारीत आपण कुणाकुणाच्या दारात चहा पितो ते आठवा. जात विचारतो का? एका कपासाठी केवढं रामायण झालं होतं, आणि आज तो कप आपण सहज हातात घेतो. असं सहज होण्यासाठी कुणीतरी आधी बोलणी खाल्लेली असतात.

आता मूळ प्रश्न. त्यांचा आपल्याशी संबंध काय? प्रार्थना समाजात मूर्ती नव्हती, पण अभंग होते. रानडे तिथं तुकोबांच्या अभंगांवर निरूपण करायचे. पहाटे उठून अभंग म्हणायचे, ते रमाबाईंनी लिहून ठेवलं आहे. हायकोर्टाचा न्यायमूर्ती, जगातल्या विद्या शिकलेला, पण पहाटे तोंडात आपल्याच संतांचं नाव.

आणि सगळ्यांत मोठं काम त्यांनी शेवटी केलं. १९०० साली मराठ्यांच्या उदयावर त्यांनी इंग्रजीत इतिहास लिहिला. त्यात संतांवर एक सबंध प्रकरण घातलं. इंग्रज तवा म्हणायचे की मराठे म्हंजे लुटारू, नुसती धामधूम. रानड्यांनी दाखवून दिलं की शिवाजी महाराजांच्या स्वराज्याआधी तीन-चारशे वर्षं संतांनी जमीन नांगरून ठेवली होती. कुंभार, माळी, शिंपी, सोनार, कुणबी, महार, दासी, ब्राह्मण, काही मुसलमानसुद्धा, सगळ्यांनी एका भाषेत एका देवाला हाक मारली आणि पंढरीच्या वाटेवर एक झाले, त्यातनं माणसं घडली आणि मग राज्य घडलं. विलायतेत धर्म सुधारला त्या चळवळीच्या तोडीला त्यांनी आपले संत नेऊन बसवले. म्हंजे आपल्या दिंडीची बाजू जगाच्या कोर्टात मांडणारा पहिल्या फळीतला वकील हा. फी घेतली नाही. मूर्तीपुढं बसला नाही म्हणून त्याला बाहेर ठेवायचं का?

परंपरेचं म्हणाल तर तीही आहे. गोपाळ कृष्ण गोखले, ज्यांचं शिक्षण कागल आणि कोल्हापूरला झालं, ते रानड्यांना गुरू मानत. गोखल्यांना महात्मा गांधींनी गुरू मानलं. अशी माळ पुढं गेली.

१६ जानेवारी १९०१ ला रात्री मुंबईत त्यांनी देह ठेवला. एकोणसाठ पुरी व्हायला दोन दिवस कमी होते.

आता माझं राहिलेलं. ते पुस्तक वाचून झाल्यावर मी चुलतभावाच्या घरी गेलो. नऊ वर्षांनी त्याच्या उंबऱ्याला पाय लावला. मी शब्द टाकला होता हे त्याच्या तोंडावर सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. वहिनीनं चहा आणून ठेवला. मग आम्ही दोघांनी मिळून पुन्हा मोजणी मागितली, कुणाची ओळख न लावता. दीड गुंठा निघाला तो त्याच्या बाजूचा निघाला. भाताचं खाचर, बांधावर नाचणी. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्या आषाढीला करूळ घाटाकडनं पाऊस झोडपत होता आणि आम्ही दोघं एकाच प्लास्टिकच्या कागदाखाली चाललो होतो. पालखीच्या पुढं तो वीणा घेऊन, मी टाळ घेऊन.

नऊ वर्षांत वकिलाची फी आणि एसटीचं भाडं मिळून त्या दीड गुंठ्याच्या किमतीपेक्षा जास्त गेलं. ज्यांच्या तारखा अजून चालू आहेत त्यांनी हिशोब मांडून बघावा. सलोख्याला आधी बसा, हे शेतकऱ्यासाठी दीडशे वर्षांमागं कायद्यात लिहिलं गेलं होतं. आपल्याला तर ते संतांनी त्याच्याही आधी सांगितलं.