वसईचा मुलगा, जपानचा दुभाषी : संत गोन्सालो गार्सिया



उन्हाळी सुटी जवळ आली की आपल्या धर्मग्रामातील युवक-युवतींची शिबिराला जाण्याची गडबड सुरू होते. कुणी आठवडाभर एखाद्या तांड्यावर मुलांना शिकवायला जातो, कुणी दुसऱ्या राज्यातील मिशन बघून येतो. परदेशात जाऊन सेवा करण्याची संधी मात्र फार थोड्यांना मिळते. आपल्या महाराष्ट्रातला एक मुलगा वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी घर सोडून थेट जपानला गेला होता, आणि तेही साडेचारशे वर्षांपूर्वी. तो आज संत गोन्सालो गार्सिया या नावाने ओळखला जातो. ६ फेब्रुवारीला आपण त्यांचा सण साजरा करतो. पण त्यांची जीवनकथा आपल्याकडे मराठवाड्यात पुष्कळांना पुरती ठाऊक नसते.

गोन्सालोचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईत झाला. वसई १५३४ पासून पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज शिपाई होते आणि आई वसईचीच. किल्ल्यात येशूसंघीय फादरांची शाळा होती. तिथे गोन्सालो शिकला, आणि त्या फादरांच्या सहवासातच त्याच्या मनात मिशनकार्याची ओढ निर्माण झाली. १५७२ साली तो त्यांच्याबरोबर जहाजात बसला.

त्या काळी हा प्रवास म्हणजे जिवाशी खेळ होता. वारा अनुकूल असेल तेव्हा निघायचे आणि पडला की बंदरात महिनोन्महिने थांबायचे. गोव्याहून मलाक्का, मलाक्काहून मकाव आणि तिथून जपान असा तो मार्ग होता. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानला पोहोचले होते. त्यांनी पेरलेले बी नुकते कुठे रुजू लागले होते.

गोन्सालो जपानी भाषा चटकन शिकला. नुसती शिकला नाही, तर त्या लोकांत बसून त्यांच्यासारखी बोलू लागला. फादरांना त्याची मोठी मदत झाली. तो गावोगाव हिंडून धर्मशिक्षण देई, मुलांना जवळ करी. लोकांचा तो लाडका झाला. सुमारे आठ वर्षे त्याने ही सेवा केली. या सर्व काळात त्याची एकच इच्छा होती, आपण येशूसंघात दाखल व्हावे.

ती इच्छा पूर्ण झाली नाही. त्याला संघात घेण्यात आले नाही.

बंधूभगिनींनो, इथे मला थोडे थांबावेसे वाटते. आपल्या एका घरातला मुलगा काही वर्षांपूर्वी सेमिनरीत गेला होता. जाताना गावाने त्याला हार घातले, फोटो काढले. दोन वर्षांनी तो परत आला. त्यानंतर त्याचे नावच पडले, परत आलेला. तो मिस्साला यायचा तो मागच्या रांगेत बसायचा आणि शेवटच्या गीताआधीच निघून जायचा. पुढे तेही थांबले. त्याच्या आईने मला विचारले, की देवाला माझा मुलगा नको होता का? मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, पण त्या माउलीला लगेच देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आज मी तिला गोन्सालोची गोष्ट सांगतो.

नकार मिळाल्यावर गोन्सालो रुसून घरी बसला नाही. तो व्यापारात उतरला. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती, त्यामुळे त्याचा चांगला जम बसला. पैसा आला, मान आला. कुणालाही वाटले असते की आता याचे मिशनचे वेड संपले. पण मनातली हाक काही थांबली नव्हती. व्यापारानिमित्त तो फिलिपाइन्समध्ये मनिलाला जाई. तिथे फ्रान्सिस्कन व्रतस्थांशी त्याची ओळख झाली. शेवटी त्याने सारा व्यापार सोडला आणि तो त्या संघात ब्रदर म्हणून दाखल झाला. फादर म्हणून नव्हे, ब्रदर म्हणून. स्वयंपाक, दारावरची कामे, आजाऱ्यांची सेवा हा ब्रदरांचा वाटा. काल जो नोकरांना हुकूम देत होता, तो आज दुसऱ्यांचा हुकूम पाळू लागला.

आणि इथेच देवाची योजना उघड होते. जपानचा त्या वेळचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्ये मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. पुढे फिलिपाइन्सनेही आपले वर्चस्व मान्य करावे, असा त्याने आग्रह धरला. त्याची समजूत काढण्यासाठी मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने १५९३ साली फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून पाठवले. त्यांना जपानी येत नव्हते. दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालो यांना नेण्यात आले. जी भाषा ते पोरवयात शिकले होते, तीच आता दोन सत्तांच्या मधला पूल ठरली. नकारापूर्वीची आठ वर्षे वाया गेली नव्हती.

हिदेयोशीने त्यांना क्योतो शहरात राहण्याची परवानगी दिली. तिथे त्यांनी चर्च उभारले आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने चालवले. ज्यांच्या सावलीलाही लोक भीत, त्यांच्या जखमा हे व्रतस्थ धूत असत.

१५९६ च्या ऑक्टोबरमध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यातील माल जप्त झाला. आधी मिशनरी येतात आणि मागून सैन्य येते, हा संशय हिदेयोशीच्या मनात बळावला. त्या संशयाला अगदीच आधार नव्हता, असे म्हणता येणार नाही. इतर देशांत तलवार आणि क्रूस एकाच जहाजातून गेल्याची उदाहरणे आहेत. पण शिक्षा झाली ती कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्यांना. डिसेंबरमध्ये त्यांना पकडण्यात आले. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोमध्ये त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून गाड्यांतून त्यांची धिंड काढण्यात आली. मग भर हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. सुमारे ८०० किलोमीटरची ती वाट होती. बीडहून मुंबईला चालत जाऊन पुन्हा चालत परत यावे, एवढे ते अंतर.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यात सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. सर्वात लहान लुईस इबाराकी अवघ्या बारा वर्षांचा होता. परंपरा सांगते, की ब्रदर गोन्सालो आपल्या क्रुसाकडे सर्वात आधी गेले. त्यांचे वय चाळीसच्या आसपास होते. ज्या येशूसंघात त्यांना जागा मिळाली नव्हती, त्याच संघाचे पौल मिकी आणि दोन सोबती त्याच टेकडीवर, त्याच रांगेत होते. तिथे कुणी स्वीकारलेला नव्हता आणि कुणी नाकारलेला नव्हता.

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ साली त्यांना धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या २६ जणांना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून गोन्सालो गार्सिया यांना मान दिला जातो. १८६५ मध्ये नागासाकीत या हुतात्म्यांच्या नावाने अर्पण केलेल्या औरा चर्चमध्ये काही गावकरी दबकत आले आणि आपणही ख्रिस्ती असल्याचे त्यांनी फादरांना सांगितले. दोनशेहून अधिक वर्षे एकही धर्मगुरू नसताना त्यांच्या वाडवडिलांनी घरातल्या घरात श्रद्धा जपली होती. इकडे वसईत गास येथे संत गोन्सालोंच्या नावाचे चर्च आहे, आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालयही वसईत आहे.

आपल्या जिल्ह्याला घर सोडून जाणे नवे नाही. दिवाळीच्या सुमारास कोयते बांधून कितीतरी कुटुंबे उसाच्या फडावर जातात आणि हंगाम संपला की परततात. त्यांना उचल ओढून नेते. गोन्सालोंना हाक घेऊन गेली, हा फरक मोठा आहे. पण परक्या मुलखात राहणे, तिथली बोली शिकणे, कुणाच्या तरी हुकुमात राबणे काय असते, हे आपल्या माणसांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. संत गोन्सालोंना समजून घ्यायला आपण म्हणूनच फार दूर नाही.

यंदा शिबिराला जाणाऱ्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे आहे, की जिथे जाल तिथली भाषा आधी शिका, मग शिकवायला लागा. आणि घरी राहणाऱ्या आपणा सर्वांना माझी विनंती आहे. परत आलेला हा शब्द आपल्या धर्मग्रामात पुन्हा ऐकू येऊ नये. देवाने एक दार लावून घेतले म्हणजे त्याने माणूस नाकारला, असे होत नाही. मागच्या रांगेत बसणाऱ्या त्या मुलाला पुढच्या रविवारी आपल्या शेजारी बसायला बोलवा.

संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती करा.

आपला,
धर्मगुरू