खरखर थांबवणारा मेजर

एफएम म्हटले की आज गाणी आठवतात. या तंत्राचा खरा कस मात्र पोलिसांच्या मोटारींत आणि रणगाड्यांत लागला. त्याचे जनक एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग यांच्या वाट्याला कौतुकापेक्षा कोर्टकज्जेच अधिक आले.

१८९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या आर्मस्ट्राँग यांनी कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच, १९१२ मध्ये, क्षीण रेडिओ संदेश अनेक पटींनी वाढवणारे सर्किट तयार केले. पहिल्या महायुद्धात ते लष्कराच्या संदेशवहन दलात फ्रान्सला गेले आणि मेजर झाले.

त्या काळचा रेडिओ एएमवर चाले. त्यात आवाजानुसार लहरीची उंची बदलते. पण कडाडणारी वीज आणि मोटारीच्या इंजिनातील ठिणग्याही तीच उंची बिघडवतात. मग धावत्या गाडीतील पोलिसाला ऐकू येते ती खरखर. आर्मस्ट्राँग यांनी उंची कायम ठेवून लहरीची वारंवारता बदलली. उंचीतील चढउतार ग्राहक यंत्रातच छाटले जाऊ लागले. १९३३ मध्ये त्यांना याची पेटंटे मिळाली. १९४० मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी दुतर्फा संभाषणासाठी एफएम स्वीकारले. ती यंत्रणा डॅनियल नोबल यांनी उभारली होती.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी रणगाड्यांत एफएम संच बसले. पायदळातील पाठीवरचा संचही एफएमचा होता. हातात मावणारा छोटा संच मात्र एएमचाच राहिला. युद्धकाळात आर्मस्ट्राँग यांनी लष्कराकडून स्वामित्वधन घेतले नाही.

एएम सर्वत्र हरले असे मात्र नाही. एकाच वारंवारतेवर दोघे बोलले तर एफएम बलवान संदेश तेवढा ऐकवते आणि दुबळा गिळून टाकते. एएममध्ये शिट्टीसारखा आवाज येऊन दोघे बोलत असल्याचे कळते. हवाई वाहतूक नियंत्रकाला हे कळणे मोलाचे असते. वैमानिक आजही एएमवर बोलतात, त्याचे हे एक कारण.

युद्धानंतर आर्मस्ट्राँग यांचे दिवस फिरले. १९४५ मध्ये सरकारने एफएमचा पट्टाच बदलला आणि लोकांच्या घरातील जुने संच निरुपयोगी ठरले. पेटंटभंगाबद्दल १९४८ मध्ये त्यांनी बलाढ्य आरसीए कंपनीविरुद्ध दावा लावला. खटला रेंगाळला, पैसा आटला, संसारही विस्कटला. १९५४ मध्ये त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले.

पत्नी मॅरियन यांनी लढा सोडला नाही. आरसीएने त्याच वर्षी तडजोड केली. शेवटचा खटला होता मोटोरोलाविरुद्ध, म्हणजे डॅनियल नोबल पुढे ज्या कंपनीत गेले तिच्याविरुद्ध. १९६७ मध्ये तोही मॅरियन यांनी जिंकला.