विमान शिकायला टॅलेंट लागतं की बापाचा पैसा? जेआरडी टाटांची गोष्ट

आमच्या वज्रेश्वरीत पायलट व्हायचं म्हणणारी पोरं आहेत. मोबाईलवर फ्लाइट सिम्युलेटर खेळतात, गेममध्ये विमान उलटं करून दाखवतात. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: दादा, हे खरं शिकायचं तर घरात पैसा असावाच लागतो का? मी इंजिनिअर आहे, पायलट नाही. त्यामुळे सल्ला देण्याऐवजी एका माणसाचं आयुष्य उलगडून बघू.

ब्लेरियो शेजारी असेल तर

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे जेआरडी. जन्म २९ जुलै १९०४, पॅरिस. वडील टाटा घराण्यातले, आई सूनी मूळच्या फ्रेंच. सुट्टीत हे कुटुंब फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर आर्देलो नावाच्या गावी जायचं. तिथे शेजारी कोण, तर लुई ब्लेरियो! १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी पार करणारा पहिला माणूस. त्याचा पायलट अडॉल्फ पेगू किनाऱ्यावरच्या वाळूत विमान उतरवायचा आणि छोटा जेआरडी बघत राहायचा.

इथे पैशाचा पहिला फायदा दिसतो. पैशाने फक्त फी भरली जात नाही, तर असं काही जगात आहे हे लहानपणीच डोळ्यांना दिसतं. पंधराव्या वर्षी जेआरडींना विमानातून एक फेरी मारायला मिळाली आणि पायलट व्हायचं मनात पक्कं झालं.

आणि तो पेगू कोण होता?

पेगू शेतकरी कुटुंबातला. घरात पैसा नाही, म्हणून तरुणपणीच सैन्यात गेला. विमान शिकला ते सैन्यामुळेच. १९१३ मध्ये ब्लेरियोने त्याला टेस्ट पायलट म्हणून घेतलं. त्याच सप्टेंबरमध्ये त्याने आकाशात उभं वर्तुळ मारून दाखवलं, ज्याला लूप म्हणतात. त्याच्या थोडेच दिवस आधी रशियन पायलट नेस्तेरोवने कीव्हमध्ये पहिला लूप मारला होता.

लूप कसा होतो ते थोडक्यात. विमान आधी वेग जमवतं, मग नाक वर खेचतं. वर जाताना वेग खर्च होतो आणि उंची मिळते. माथ्यावर पुरेसा वेग उरला नाही तर वर्तुळ तुटतं आणि विमान कोसळायला लागतं. नाक वर खेचताना शरीरावर कित्येक पट भार येतो. ३ जी म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८० किलोचं झाल्यासारखं वाटतं. तुमच्या फोनमधला ॲक्सेलरोमीटर हाच भार मोजतो. टेबलावर शांत पडलेला असताना तो १ जी दाखवतो.

पेगूने तयारी कशी केली? जमिनीवर विमान उलटं बसवून त्यात पट्ट्यांनी स्वतःला बांधून घेतलं आणि उलटं लटकायची सवय केली. त्या काळचा सिम्युलेटरच म्हणा! टॅलेंट होतंच, पण विमान सैन्याचं आणि नंतर ब्लेरियोचं. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, हवाई लढाईत तो मारला गेला. वय फक्त २६.

लायसन्स नंबर १

जेआरडींना मात्र नऊ वर्षं थांबावं लागलं. केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायचं होतं, पण वडिलांनी कंपनीत बोलावून घेतलं. १९२६ मध्ये वडील गेले आणि जबाबदारी अंगावर आली. म्हणजे घरच्या पैशाने दार उघडलं, तसं एक दार बंदही केलं.

मग मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाला. जेआरडी लगेच दाखल झाले आणि १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना लायसन्स मिळालं. भारतात दिलेलं ते पहिलं लायसन्स, त्यावर नंबर १.

सतरा वर्षांच्या पोराने हरवलं

आता खरी परीक्षा. आगा खानांनी बक्षीस लावलं: इंग्लंड ते भारत, कुठल्याही दिशेने, एकट्याने आणि एका महिन्याच्या आत विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. मे १९३० मध्ये जेआरडी कराचीहून निघाले. उलट दिशेने, इंग्लंडहून, ॲस्पी इंजिनिअर येत होता. वय १७, रेल्वेतल्या इंजिनिअरचा मुलगा. गरीब नव्हता, पण टाटाही नव्हता. दोघांकडे जिप्सी मॉथ: उघड्या कॉकपिटचं, साधारण १०० हॉर्सपॉवरचं छोटं विमान. ना जीपीएस, ना रडार.

इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. ॲस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. ॲस्पी पुढे निघाला आणि थोडक्या फरकाने जिंकला. पुढे हाच ॲस्पी भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला, १९६० ते १९६४.

मला या प्रसंगात दोन गोष्टी दिसतात. विमान हातात आल्यावर आडनाव इंजिनला कळत नाही. तिथे हात आणि डोकंच चालतं. दुसरी गोष्ट कडू आहे. हरलो तरी जेआरडींचं आयुष्य सुरक्षित होतं. प्लग देण्याचा मोठेपणा त्यांचा स्वतःचा, पण हरण्याची मुभा घराने दिलेली. साध्या घरातल्या पोराला ती मुभा क्वचितच मिळते.

पैशाचं त्यांनी काय केलं

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडींनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, पस मॉथ विमानातून, स्वतः चालवत. पुढे मद्रासपर्यंत नेव्हिल व्हिन्सेंट गेले. यातूनच एअर इंडिया उभी राहिली; १९५३ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. १९८२ मध्ये, ७८ व्या वर्षी, जेआरडींनी कराची ते मुंबई तेच उड्डाण पुन्हा केलं. १९९२ मध्ये भारतरत्न, २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात निधन.

मग उत्तर काय?

माझ्या मते प्रश्नच अर्धवट आहे. पैसा उड्डाणाचे तास विकत घेतो. त्या तासांचं कौशल्य किती लवकर होतं, ते टॅलेंट ठरवतं. पण पेगूकडे पाहिलं की तिसरी गोष्ट कळते: संस्था. घर देऊ शकत नाही ते विमान संस्था देते.

आजही तसंच आहे. खाजगी पायलट ट्रेनिंगला लाखो रुपये लागतात, हे खरं आहे. पण पुण्याजवळ खडकवासल्याला एनडीए आहे, तिथे निवड झाली की ट्रेनिंगचा खर्च सरकारचा. कॉलेजात एनसीसीची एअर विंग असेल तर मायक्रोलाइट विमानात बसायची संधी मिळू शकते. सूर्यकिरण टीमचे कसरती करणारे पायलटही हवाई दलाचेच.

म्हणून पोरांनो, गेम जरूर खेळा, पण त्याच फोनवर एनडीएचा अभ्यासक्रमही डाउनलोड करा. गणित आणि फिजिक्स आजपासून सुरू करा. त्याला बापाचा पैसा लागत नाही.