समुद्राच्या तळाची हजेरी घेणारे डॉक्टर



आपल्या जालना जिल्ह्यात समुद्र नाही. आपण पाणी पाहतो ते विहिरीत, ओढ्यात, नाहीतर दुधना-गोदावरीच्या पात्रात. पण ओढ्यातला खेकडा आणि डोहातला झिंगा आपल्या ओळखीचा आहे. या खेकड्या-झिंग्यांचे पुष्कळ भाऊबंद समुद्राच्या अगदी तळाशी राहतात. तिथे ऊन पोचत नाही. बाराही महिने काळोख असतो. अशा ठिकाणचे जीव जाळ्याने वर काढायचे, त्यांचे पाय मोजायचे, त्यांना नाव द्यायचे, हे काम ज्यांनी जन्मभर मन लावून केले त्या डॉ. आल्फ्रेड विल्यम अल्कॉक यांची ही गोष्ट आहे. ते इंग्रज होते, पण त्यांचा जन्म झाला मुंबईत.

शाळा सुटली

आल्फ्रेडचा जन्म २३ जून १८५९ रोजी झाला. वडील जहाजाचे कप्तान होते. मुलाला त्यांनी इंग्लंडमध्ये चांगल्या शाळेत घातले. पण १८७६ साली वडिलांचे पैसे बुडाले. घरची घडी विस्कटली आणि आल्फ्रेडला शाळेतून काढावे लागले. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

त्याला पुन्हा हिंदुस्थानात पाठवले. दक्षिणेत वायनाडच्या डोंगरात नातेवाइकांचे कॉफीचे मळे होते. तिथे तो राहिला, रानात भटकला, पाखरे-किडे पाहिले. पुढे कॉफीचा धंदा बसला. मग कलकत्त्याला एका कचेरीत नोकरी धरली, तर ती कचेरीच बंद पडली. नंतर पुरुलियाला त्याने आसामच्या चहामळ्यांसाठी मजूर गोळा करण्याचे काम केले. गरीब माणसांना घरदार सोडून लांब धाडायचे, असे ते काम. पोटासाठी तेही करावे लागले.

तिथेच एका ओळखीच्या माणसाने त्याला एक छोटे पुस्तक दिले. आपले शरीर कसे चालते हे सांगणारे, मायकेल फॉस्टर यांनी लिहिलेले, अगदी पहिल्या पायरीचे पुस्तक. आल्फ्रेडने ते वाचले आणि त्याचे मन तिथेच अडकले. आपण हेच शिकायचे, असे त्याने ठरवले. काही दिवस दार्जिलिंगला मास्तरकी केली आणि १८८१ साली तो स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठात दाखल झाला. वय बावीस! ज्याची शाळा सतराव्या वर्षी सुटली होती तो पोरगा १८८५ साली डॉक्टर होऊन बाहेर पडला. त्याच वर्षी सरकारी वैद्यकीय नोकरी मिळाली. सुरुवातीची दोन वर्षे वायव्य सरहद्दीवरच्या पलटणींत गेली.

मुंबईत बांधलेले जहाज

१८८१ साली मुंबईच्या गोदीत ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाचे लाकडी जहाज बांधले होते. वाफेवर चालणारे, दोन्ही अंगांना मोठी चाके असलेले. समुद्राची खोली मोजायची, खडक कुठे आहेत ते पाहायचे आणि नकाशे तयार करायचे, हे त्याचे मुख्य काम. या जहाजावर एक डॉक्टर असे. खलाशांना औषधपाणी द्यायचे आणि समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करायचा, अशी त्याची दुहेरी नोकरी. १८८८ साली ही जागा डॉ. अल्कॉक यांना मिळाली.

त्यांच्याआधी याच जागेवर डॉ. जाइल्स होते. त्यांनी बंगालच्या उपसागरातले अँफिपॉड नावाचे बारीक जीव तपासून कित्येक नव्या जातींची वर्णने लिहिली होती. अँफिपॉड म्हणजे झिंग्याचे लांबचे भावंड. अंग दोन्ही बाजूंनी चपटे, पाठ वाकलेली, छातीला पायांच्या सात जोड्या. यांच्यातले काही समुद्रकाठच्या वाळूत टुणटुण उड्या मारतात, तर काही अगदी खोल तळाशी राहतात. डॉ. अल्कॉक यांनी पुढे मुख्यतः खोल पाण्यातले खेकडे, झिंगे आणि मासे हाती घेतले.

आपण विहिरीची खोली परसात मोजतो. समुद्राची खोली वावेत मोजत. एक वाव म्हणजे सहा फूट. आता हिशेब करा. ‘इन्व्हेस्टिगेटर’चे जाळे हजार वावेपेक्षाही खाली जाई, म्हणजे सहा हजार फुटांच्या खाली! आपल्याकडे विहिरीत बादली पडली तर गळ टाकून काढताना दमछाक होते. इथे तर पोलादी दोर सोडायला आणि परत ओढायला तासन् तास लागत. जाळ्यात निम्मा चिखलच येई. तो चाळून एकेक जीव वेगळा करायचा. खालच्या थंड, दाबाच्या पाण्यातले हे प्राणी वर येईपर्यंत बहुधा मरत. त्यांना स्पिरिटच्या बरणीत ठेवले की रंग उडून जाई. म्हणून रंग लगेच वहीत टिपून ठेवावा लागे.

एकदा अंदमानच्या समुद्रात एक नवल घडले. जाळ्यातून आलेले काही झिंगे जिवंत होते. त्यांना पाण्याच्या बादलीत सोडले, तर त्यांनी अंगातून निळ्या उजेडाचे ढग सोडले! त्या उजेडात बादलीतल्या वस्तू स्पष्ट दिसू लागल्या. या झिंग्याचे नाव हेटेरोकार्पस अल्फॉन्सी. काळोखात राहणारा जीव स्वतःचा दिवा स्वतःच बाळगतो, हे डॉ. अल्कॉक यांनी डोळ्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले.

नाव देणे म्हणजे काय?

तुम्ही म्हणाल, नाव देण्यात काय अवघड आहे? पोराचे बारसे आत्या करते, तसेच की! पण मित्रहो, इथे आधी सिद्ध करावे लागते की हा प्राणी पूर्वी कोणीच लिहिलेला नाही. त्यासाठी जुन्या वर्णनांशी ताडून पाहायचे. पायांचे सांधे, नांग्यांचा आकार, कपाळावरच्या टोकाचे दाते, सगळे भिंगाखाली मोजायचे. वेगळेपण कशात आहे ते लिहायचे, चित्र काढायचे, दोन शब्दांचे नाव द्यायचे आणि ते छापायचे. ज्या प्राण्यावरून वर्णन लिहिले तो संग्रहालयात जपून ठेवायचा. पुढे शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर त्याने बरणी उघडून पाहावे. शाळेत हजेरीपटावर नाव चढले की मुलगा शाळेचा झाला. तसेच हे.

पावसाळ्यात जहाजाचे काम थांबे. तेव्हा डॉ. अल्कॉक कलकत्त्याच्या संग्रहालयात बसून आणलेल्या बरण्या तपासत. तिथले प्रमुख वुड-मेसन यांच्याबरोबर त्यांनी पुष्कळ नव्या जातींची वर्णने लिहिली. सोलेनोसेरा हेक्स्टी हा खोल पाण्यातला झिंगा त्यांतलाच, १८९१ सालचा. त्याला कॅप्टन हेक्स्ट या दर्यावर्दी अधिकाऱ्याचे नाव दिले आहे. पुढे एका माशाच्या नावात तर जहाजाचेच नाव घातले! दोर ओढणाऱ्या लस्कर खलाशांचे घामही या कामात होतेच. प्राण्यांची सुरेख चित्रे काढली ती ए. सी. चौधरी आणि एस. सी. मंडल या आपल्या देशी चित्रकारांनी.

१८९३ साली वुड-मेसन वारले आणि डॉ. अल्कॉक संग्रहालयाचे प्रमुख झाले. १८९९ साली खोल समुद्रातल्या माशांचा, १९०१ साली झिंगे व त्यांच्या भाऊबंदांचा, असे मोठे ग्रंथ त्यांनी तयार केले. १९०१ सालीच लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सभासद करून घेतले. १९०२ साली जहाजावरच्या दिवसांचे पुस्तकही त्यांनी लिहिले.

शेवटचे दिवस

१९०६ साली ते हिंदुस्थान सोडून गेले. पुढे लंडनला, रोग पसरवणाऱ्या डास-माश्यांविषयी डॉक्टरांना शिकवले. २४ मार्च १९३३ रोजी त्यांचे निधन झाले. १९३८ साली हिंदी महासागरातल्या एका तांबड्या झिंग्याला त्यांचे नाव मिळाले, ॲरिस्टियस अल्कॉकी. आज केरळचे मच्छीमार खोल पाण्यातून तो पकडतात. १९१६ साली संग्रहालयाच्या प्राणी विभागातून भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था उभी राहिली. ‘इन्व्हेस्टिगेटर’ने जमवलेले प्राणी कोलकात्यात तिच्याच ताब्यात आहेत.

पालकांनो, आपल्याकडेही दुष्काळात किंवा ऊसतोडीला जाताना पोरांची शाळा सुटते. घरची अडचण कोणाला चुकली आहे? पण सुटलेली शाळा पुन्हा धरता येते, हे या माणसाने करून दाखवले. पोराच्या हातात एखादे पुस्तक मात्र राहू द्या. कोणते पुस्तक कामाला येईल, ते आधी सांगता येत नाही.

करून पहा: मुंगी, कोळी आणि ओढ्यातला खेकडा नीट पहा. प्रत्येकाचे पाय मोजा. मुंगीला सहा, कोळ्याला आठ, खेकड्याला नांग्या धरून दहा येतात का? वहीत चित्र काढा, दिनांक आणि जागा लिहा, आणि जीव जिथून आणला तिथे परत सोडा. ज्याची वही चांगली, तिचे पान पुढच्या महिन्यात या भिंतीवर लागेल!