पोटातली पोकळी मोजणारा योगी

चिखलदऱ्याला भीमकुंडापाशी गेलेल्या माणसाला कीचकवधाची कथा कोणीतरी सांगतेच. भीमाने कीचकाला लोळवले, प्रेत दरीत फेकले आणि कुंडात हात धुतले. ती कीचकाची दरी म्हणजेच आजचा चिखलदरा. या कथेतले बळ डोळ्यांना दिसणारे आहे. दंड, मांड्या, रुंद छाती. आखाड्यांच्या वऱ्हाडात बळाची हीच कल्पना रुजलेली होती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया वैद्य बंधूंनी १९१४ साली घातला, तो काळच देशभर तालमींचा होता. पारतंत्र्यातल्या देशाला आधी बळकट शरीरे हवीत, असे तरुणांना मनापासून वाटत असे. त्याच पिढीतल्या, तालमीतच घडलेल्या एका मराठी माणसाने पुढे एक वेगळा प्रश्न धरला: पोटाचा स्नायू आकसला की पोटाच्या आत नेमके काय होते?

जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे नाव. लोक त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतात.

गुण्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतल्या डभोईचा. घरची परिस्थिती हलाखीची, शिक्षण इतरांच्या मदतीवर. १९०३ मध्ये मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली आणि ते बडोद्याच्या कॉलेजात गेले. अरविंद घोष तेव्हा बडोद्यातच शिकवत होते, टिळकांचा प्रभाव होताच. १९०७ ते १९१० या काळात गुण्यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत प्रोफेसर माणिकरावांकडे शरीर कमावले. पुढे खानदेशात अमळनेरला शिक्षकी केली, तिथल्या राष्ट्रीय कॉलेजचे ते प्राचार्यही झाले. १९२३ मध्ये ते कॉलेज बंद पडले. दरम्यान १९१९ साली नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींची गाठ पडली होती आणि गुण्यांच्या आयुष्याला वळण लागले होते.

गुरूकडे योग शिकायला गेलेला शिष्य सहसा शंका विचारत नाही. गुण्यांना मात्र शंका होत्या, आणि त्या ते विज्ञानाच्या दारात घेऊन गेले. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांवर उड्डियान आणि नौली या क्रियांचे परिणाम तपासायला सुरुवात केली. क्ष-किरणांच्या यंत्रासमोर योगाभ्यासी माणूस उभा करणे ही त्या काळात नवलाचीच गोष्ट होती.

नौली समजण्यासाठी आधी पोटाची पुढची भिंत समजून घ्यावी लागते. बेंबीच्या दोन्ही बाजूंना दोन लांब पट्ट्यांसारखे स्नायू उभे असतात. खाली ते ओटीपोटाच्या समोरच्या हाडाला आणि वर पाचव्या ते सातव्या बरगडीच्या कूर्चांना जोडलेले असतात. त्यांचे नाव रेक्टस अब्डॉमिनिस. लॅटिनमध्ये रेक्टस म्हणजे सरळ आणि अब्डॉमिनिस म्हणजे पोटाचा. नाव ऐकून दबकायचे कारण नाही, ते फक्त दिशा आणि जागा सांगते. या दोन स्नायूंच्या मधोमध पांढरी तंतुमय रेघ असते, आणि प्रत्येकावर सहसा तीन ठिकाणी आडव्या तंतूंच्या गाठी असतात. जिममधल्या मुलांचे ‘सिक्स पॅक’ म्हणजे त्या गाठींमधले उंचवटे. सहा वेगळे स्नायू तिथे नसतात. या सरळ जोडीच्या दोन्ही कुशींना तिरपे आणि आडवे स्नायू थरांनी असतात, आणि वर छप्पर म्हणून श्वासपटल.

एरवी हे स्नायू आवळले की पोटातला दाब वाढतो. जड पोते उचलताना, खोकताना, शौचाला कुंथताना आपण हेच करतो. नौलीत उलटे घडते, आणि खरी गंमत इथे आहे. अभ्यासी आधी पूर्ण श्वास सोडतो, गळा बंद ठेवतो आणि श्वास घेतल्यासारख्या बरगड्या फुलवतो, पण हवा आत घेत नाही. छातीतला दाब घटतो, श्वासपटल वर खेचले जाते, बाहेरच्या हवेच्या दाबाने पोटाची भिंत खोल आत जाते. हे उड्डियान. आता कुशींचे स्नायू सैल ठेवून फक्त ते दोन सरळ पट्टे आवळायचे. ते खांबासारखे पुढे उभे राहतात. छप्पर वरच अडकलेले, हवा आत यायला वाट नाही, आणि समोरची भिंत मात्र पुढे सरकलेली. आत जागा वाढते आणि दाब उतरतो. एकदा उजवा पट्टा, एकदा डावा असे आळीपाळीने आवळले की पोट घुसळल्यासारखे फिरते. हठप्रदीपिकेत हे फिरणे वेगवान भोवऱ्यासारखे वर्णिलेले आहे.

मग प्रश्न आला बस्तीचा. जुन्या हठयोग्यांची ही आतडे धुण्याची क्रिया: बेंबीपर्यंत पाण्यात उकिडवे बसायचे, गुदद्वारात नळी ठेवायची आणि पाणी वर ओढून घ्यायचे. पंप नाही, पिचकारी नाही, मग पाणी चढते कशाने? मूळ श्लोकात आकुंचनाची आज्ञा आहे, कारण दिलेले नाही. कुवलयानंदांनी मोठ्या आतड्यात नळी घालून ती पाऱ्याच्या दाबमापकाला जोडली आणि अभ्यासीला नौली करायला लावली. दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली उतरला. पाणी ओढणारी शक्ती पोटाच्या त्या दोन पट्ट्यांनी तयार केलेल्या पोकळीची होती, हे आकड्यांत दिसले. या पोकळीला त्यांनी गुरूचे नाव दिले, माधवदास निर्वात. गूढाचे कवच फोडल्यावर गुरूची आठवण त्याच जागी ठेवणे हे त्यांच्या स्वभावाला धरून होते.

१९२४ च्या ऑक्टोबरात लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. त्यात आसनांच्या वर्णनाशेजारी छायाचित्रे, क्ष-किरण चित्रे, दाबाचे आकडे असत. स्नायूंची नावे ते लॅटिनच वापरत. हा नखरा म्हणता येणार नाही, कारण आपल्याकडच्या शब्दांचा घोळ मोठा आहे. सुश्रुताने शरीरात ५०० पेशी आणि ९०० स्नायू सांगितले. त्याच्या पेशी म्हणजे मांसाचे गठ्ठे, आणि स्नायू म्हणजे सांधे बांधणाऱ्या दोऱ्या. मराठी पाठ्यपुस्तकात मांसाचा गठ्ठा स्नायू झाला, आणि पेशी म्हणजे सूक्ष्मदर्शकातून दिसणारा कण. हिंदीत पुन्हा मांसपेशी म्हणजे आपला स्नायू. मध्य प्रदेशाला लागून असलेल्या मेळघाटात हे दोन्ही शब्द रोज कानावर पडतात, तिथल्या रुग्णाची फसगत सहज होऊ शकते. नाडी आणि चक्रांचे तर विचारूच नये. मुंबईच्या डॉ. वसंत रेळे यांनी १९२७ च्या पुस्तकात कुंडलिनी म्हणजे व्हेगस मज्जातंतू असे प्रतिपादन केले होते. जुना शब्द आणि नवा अवयव यांची अशी गाठ मारणे सोपे. कुवलयानंदांच्या नळीने दिले तसे मोजमाप देणे कठीण.

त्यांचेही सगळे दावे मोजलेले नव्हते, हे सांगायला हवे. सर्वांगासनाने थायरॉइड ग्रंथी सुधारते यासारखी त्यांची विधाने त्या दाबमापकाच्या तोडीच्या पुराव्यावर उभी नाहीत. प्रयोगांतली माणसेही थोडी आणि तयारीची. पण प्राणायामाने शरीरात प्राणवायूचा मोठा साठा होतो, हा योगप्रेमींचा आवडता समज त्यांनी स्वतःच नाकारला. योगाच्याच माणसाने हे सांगावे, याला हिंमत लागते.

पुढे त्यांचे काम पसरत गेले. १९२७ मध्ये रक्तदाबाने आजारी असलेल्या गांधीजींनी त्यांचा सल्ला घेतला. मुंबईत १९३६ पासून मरीन ड्राइव्हवर त्यांचे आरोग्यकेंद्र चालू लागले. येल विद्यापीठाचे के. टी. बेहनान लोणावळ्यात राहून अभ्यास करून गेले. शाळांतल्या शारीरिक शिक्षणात योग आणण्यासाठीही कुवलयानंद झटले. तालमीतला तरुण त्यांच्यातून कधी गेला नाही.

नौलीचे चित्रफितीतले रूप पाहून घरी प्रयत्न करणाऱ्यांनी मात्र थांबावे. हर्निया, अल्सर, उच्च रक्तदाब, हृदयविकार, नुकतीच झालेली पोटाची शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण यांत ती करू नये. इतरांनीही रिकाम्या पोटी आणि जाणत्या शिक्षकासमोरच शिकावी.

त्यांच्या हयातीतच, १९६१ साली, वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्या योग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मनगटाची नाडी हाताला लागेनाशी होत होती, पण विद्युत आलेखावर हृदयाचे ठोके चालूच होते. गळा बंद करून छातीचे आणि पोटाचे स्नायू जोराने आवळल्याने हृदयाकडे परतणारे रक्त अडत होते, एवढाच त्यातला चमत्कार. १८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंद वारले. लोणावळ्यातली प्रयोगशाळा चालू राहिली.